मॉरिशसच्या मराठी घराण्याचं मूळ गाव शोधताना: नावामागे नको, नंबरामागे जा

‘आमचे पूर्वज रत्नागिरीचे’ एवढं मॉरिशसमधल्या बहुतेक मराठी घरांना ठाऊक असतं. रत्नागिरीतलं कुठलं गाव, आडनाव काय, कोणत्या साली बोटीत चढले, हे विचारलं की घरातली माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. त्यात नवल काही नाही. शे-दीडशे वर्षांत नाव बदललं, स्पेलिंग बदललं, आडनाव तर बहुतेकांचं मुंबईच्या धक्क्यावरच सुटलं. टिकून राहिला तो एक आकडा. बेटावर उतरलेल्या प्रत्येक करारी मजुराला सरकारने क्रमांक दिला होता आणि पुढे मरेपर्यंत तो त्याच्या कागदांना चिकटून राहिला. तुमचा सगळा शोध त्या क्रमांकापर्यंत मागे जायचं आणि तिथून गावाकडे वळायचं, एवढाच आहे. ज्यांचा शोध फसतो ते बहुतेक जण थेट नावावरून पूर्वज शोधू पाहतात.

सुरुवातीला थोडा हिशेब. पहिले 36 गिरमिटिया, म्हणजे करारी मजूर, ‘अ‍ॅटलस’ जहाजाने कलकत्त्याहून 2 नोव्हेंबर 1834 ला पोर्ट लुईला आले. पुढच्या पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांहून जास्त माणसं आली. त्यांतली बहुतांश कलकत्ता आणि मद्रासहून, मुंबईहून आलेली त्या मानाने थोडी. मुंबईची आवक मुख्यतः 1865 च्या आधीची आहे. 1839 ते 1842 या काळात भारतातून मजूर पाठवायला बंदी होती, म्हणून ‘आमचे आजोबा 1840 ला आले’ अशी घरातली आठवण असेल तर साल चुकलं आहे असं धरून चाला. समजा पूर्वज 1855 ला पंचविशीत उतरला. पिढीला 27 वर्षं धरली तर 1992 च्या सुमाराला जन्मलेला माणूस सातव्या पिढीतला निघतो. मधे सहा दुवे आले आणि प्रत्येक दुव्याला कागद हवा. सातव्या पिढीचा मुद्दा आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. मार्च 2024 मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी मॉरिशसच्या दौऱ्यात सातव्या पिढीपर्यंतच्या भारतीय वंशाच्या मॉरिशियनांना ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड मिळण्याची विशेष तरतूद जाहीर केली. कार्डासाठी शोध करत असाल तर साखळीतली एकही कडी ‘सगळ्यांना माहीतच आहे’ म्हणून सोडू नका.

आधी घरातलं दप्तर

कुठल्याही कचेरीत जाण्याआधी दोन रविवार घरात घाला. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाकडे बसा. ‘आपण कुठून आलो?’ हा प्रश्न शेवटी ठेवा, कारण त्याचं उत्तर पाठ केलेलं असतं. आधी विचारा: तुमचे आजोबा कुठल्या टाब्लिसमांवर, म्हणजे साखर इस्टेटीवर, कामाला होते? त्या इस्टेटीच्या कुठल्या कां-मध्ये, म्हणजे मजूर वस्तीत, राहायचे? घराची जागा कोणी, कोणाकडून घेतली? आजीचं माहेर कुठलं? मूल जन्मलं की नाव लिहायला कोण जायचं? साखर इस्टेटीचं नाव हे बेटावरचं अर्धं पत्त्याचं काम करतं. मजुराच्या नोंदीत मालकाचं आणि इस्टेटीचं नाव असतं, त्यामुळे एकाच नावाचे पाच रामजी समोर आले की त्यावरूनच आपला रामजी वेगळा काढता येतो.

कपाटातून काढायचे कागद म्हणजे जन्म, लग्न आणि मृत्यूचे दाखले, जमिनीचं खरेदीखत आणि जुनी लग्नपत्रिका. खरेदीखताकडे लोक दुर्लक्ष करतात, पण ते सोनं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात साखर इस्टेटींनी कडेच्या जमिनी तुकडे पाडून विकल्या आणि करार संपलेल्या कित्येक भारतीयांनी त्या घेतल्या. नोटरीपुढे झालेल्या अशा व्यवहारात खरेदीदाराची ओळख पटवण्यासाठी त्याचा इमिग्रेशन क्रमांकही लिहिलेला आढळतो. घरातलं खत हरवलं असलं तरी नोटरीच्या दप्तरात प्रत असू शकते.

घरातले विधीही ऐकून ठेवा, पण त्यांचं वजन ओळखून. मॉरिशसच्या मराठी मंडळींत झाकरी (नाच) चालते. ती कोकणातल्या जाखडीची सख्खी बहीण, आणि जाखडी रत्नागिरीकडची, म्हणून दिशा तरी कळते. गोंधळात तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची महालक्ष्मी यांना ‘गोंधळाला ये’ म्हणून बोलावणं होतंच, तो कुणाचाच पत्ता नव्हे. त्या यादीत एखादा लहान, गावचा देव आला तर मात्र कान टवकारा. रवळनाथ, सातेरी ऐकू आले तर नजर सावंतवाडी, वेंगुर्ला, गोव्याच्या बाजूला वळवा. वाघजाई किंवा झोलाई ऐकू आली तर खेड, चिपळूण, दापोलीकडे. हा पुरावा नव्हे, पण पुढे रजिस्टरमध्ये गावाचं नाव वाचता आलं नाही की हाच दिवा हाताशी असतो.

दाखले: आपल्यापासून मागे

मॉरिशसची नागरी नोंदणी फ्रेंच वळणाची आहे. ब्रिटिशांनी 1810 ला बेट घेतलं तरी कायद्याची चौकट आणि नोंदवह्यांची शिस्त फ्रेंचच राहिली. जन्माच्या नोंदीत आई-बापांची नावं, वय, धंदा, राहण्याचं ठिकाण आणि नोंद द्यायला कोण आला होता हे असतं. काही नोंदी फ्रेंचमध्ये, काही इंग्रजीत. अर्ज करताना ‘नोंदीची पूर्ण प्रत’ मागा. नुसता उतारा घेतला तर त्यात नेमकं आपल्याला हवं असलेलं गळतं.

चाल अशी: तुमचा जन्मदाखला, त्यातून बापाचं नाव आणि वय, त्यावरून बापाचा जन्मदाखला, मग आजोबांचा. प्रत्येक पिढीला जन्म आणि लग्न असे दोन कागद जोडत जा, म्हणजे चुकीच्या माणसावर उडी पडत नाही. जन्मलेल्या मुलाच्या नोंदीत बापाच्या नावापुढे इमिग्रंट म्हणून क्रमांक दिसला की थांबा. तो माणूस भारतातून आलेला आहे. नावापुढे ‘या वसाहतीत जन्मलेला’ अशा अर्थाची नोंद असेल, तर त्याला क्रमांक नव्हताच. त्याचा क्रमांक शोधत महिने घालवणारे बरेच असतात. तिथे आणखी एक पिढी मागे जायचं.

क्रमांक उतरवून घेताना तीन चुका ठरलेल्या आहेत. पहिली, नोंदीला स्वतःचा अनुक्रमांक असतो, तो इमिग्रेशन क्रमांक समजून लिहिला जातो. दुसरी, फ्रेंच वळणाचा 1 लांब शेंडीचा असतो आणि सातासारखा दिसतो. खरा 7 पोटात आडवी रेघ घेऊन येतो. 4 आणि 9 यांचाही असाच घोळ. तिसरी, कारकुनानेच एखादा आकडा मागेपुढे केलेला असतो. यावर उपाय एकच: क्रमांक कमीत कमी दोन वेगळ्या कागदांवरून घ्या, म्हणजे थोरल्या मुलाची जन्मनोंद, धाकट्याची जन्मनोंद, पूर्वजाची स्वतःची मृत्यूनोंद. दोन्हीकडे एकच आकडा आला तर पुढे जा. न आला तर दोन्ही आकडे जवळ ठेवा.

साखळी तुटते ती बहुधा लग्नापाशी. घरच्या घरी, भटजीच्या हातून लागलेलं लग्न सरकारदरबारी नोंदवलं नाही तर कायद्याच्या दृष्टीने ते झालंच नव्हतं. अशा जोडप्याच्या मुलांची नोंद आईच्या नावावर होई आणि बापाचा रकाना कोरा राही. त्यात घराण्याला बट्टा वगैरे काही नाही, अर्ध्या बेटाची हीच कथा आहे. अशा वेळी आईचा धागा धरा. बायकांनाही स्वतंत्र क्रमांक असत आणि त्यांच्या नोंदीत नवऱ्याचा उल्लेख सापडतो. याखेरीज मजुरांची लग्नं स्थलांतर खात्याकडे वेगळी नोंदवली जात, ती रजिस्टरंही पाहायची.

मृत्यूची नोंद सापडत नसेल तर 1867 च्या आसपासची पानं आधी उलटा. त्या वर्षी मलेरियाच्या साथीने बेटावर हजारो माणसं गेली. तिथेही नसेल तर माणूस परत गेला असण्याची शक्यता धरा. आलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश मजूर पुढे भारतात परतले. काहींची बायकामुलं बेटावरच राहिली.

स्पेलिंगचं शास्त्र

रजिस्टर चाळण्याआधी आपलं नाव चार तऱ्हांनी लिहून काढा. नाव सांगणारा कोकणी, लिहिणारा मुंबईत इंग्रजी वळणाचा, पुढे बेटावर फ्रेंच वळणाचा. शेवटचा दीर्घ ऊकार इंग्रज दोन ओ लावून लिहितो, फ्रेंच कारकून ओ-यू लावतो. ‘जी’ला दोन ई. महाप्राण गळतो, म्हणून धोंडू ‘दोंडू’ होतो, भिकू ‘बिकू’. फ्रेंच माणूस सी-एच वाचतो तो श असा, म्हणून च लिहायला तो आधी टी जोडतो. परिणामी चिमाजी टी या अक्षराखाली निघू शकतो. विठूचा व कधी व्ही, कधी डब्ल्यू, कधी चक्क बी.

त्याहून मोठी गोष्ट आडनावाची. राणे, परब, गावडे, धुरी असं काही रजिस्टरमध्ये मिळेल ही आशा सोडा. नोंद एकेरी नावाची: स्वतःचं नाव आणि बापाचं नाव. बेटावर मुलांना बापाचं नाव आडनावासारखं चिकटलं आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या तेच चाललं. म्हणजे आज ज्यांचं आडनाव सखाराम किंवा बाबाजी आहे, त्यांच्या घरात तो बोटीने आलेला माणूस किंवा त्याचा बाप आडनावाच्या रूपाने अजून आहे. मात्र एकाच आडनावाची दोन घराणी नात्यातली असतीलच असं नाही. सखाराम काय एकच होता?

मोका: महात्मा गांधी इन्स्टिट्यूट

क्रमांक हातात आला की मोका या गावी जायचं. 1970 साली स्थापन झालेल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये भारतीय स्थलांतराचं दप्तर ठेवलं आहे, दोन हजारांवर बाडं आहेत. वेळ आधी फोन करून ठरवा आणि आपल्यापासून पूर्वजापर्यंतचे दाखले एका फाइलला पिढीच्या क्रमाने लावून न्या. वर एका कागदावर वंशवृक्ष: नाव, साल, क्रमांक. जुनी बाडं नाजूक झालेली आहेत आणि ती आपल्या हाती देत नाहीत. शोध तिथले कर्मचारी घेतात, म्हणून आपलं म्हणणं जितकं नेमकं तितकं उत्तर लवकर. नुसतं ‘रामजी, बॉम्बेचा’ एवढं सांगितलं तर कोणी काहीच करू शकणार नाही.

आगमनाच्या नोंदीत सर्वसाधारणपणे काय मिळतं ते नमुन्याने पाहू. समजा ओळ अशी आहे: क्रमांक, नाव रामजी, बाप बाबाजी, वय 24, उंची फूट-इंचांत, जात ‘मऱ्हाटा’, उजव्या भुवईवर व्रण, जिल्हा, परगणा, गाव, जहाजाचं नाव, उतरल्याची तारीख, कोणत्या इस्टेटीला वाटून दिला. कडेला नंतरच्या हाताने लिहिलेली टीप: मेला, परतला किंवा पळाला. सगळ्याच काळातल्या ओळी इतक्या भरलेल्या नसतात, सुरुवातीच्या वर्षांतल्या बऱ्याच त्रोटक आहेत.

आता एकेका रकान्यावर किती विश्वास ठेवायचा ते. वय अंदाजाचं, पाच वर्षं इकडेतिकडे. 20, 25, 30 असे गोल आकडे दिसले तर आणखी सैल धरा. ‘मऱ्हाटा’ हा शब्द जातीचा असेलच असं नाही, कधी तो नुसता ‘मराठी मुलखातला’ एवढाच असतो. उलट कुणबी, भंडारी, महार असा नेमका शब्द आला असेल तर तो घरच्या सांगण्यापेक्षा वेगळा निघाला म्हणून खोडू नका आणि लपवूही नका. पुढे गावात वाडी ओळखायला तोच उपयोगी पडतो. मुंबईच्या बोटीतला प्रत्येक माणूस मराठी होता असंही नाही. आणि गावाच्या रकान्यात ‘मुंबई’ आलं तर हिरमुसू नका. गावाहून आधीच मुंबईला पोट भरायला आलेले अनेक जण तिथूनच भरती झाले आणि त्यांनी राहतं ठिकाण सांगितलं. अशा वेळी त्याच बोटीतल्या, लागून क्रमांक असलेल्या माणसांच्या ओळी मागा. भाऊ, चुलते, गाववाले एकत्र चढत, एकत्र नंबर घेत. शेजारच्या ओळीत गाव लिहिलेलं असलं की काम झालं.

फोटोचंही विचारा. 1860 च्या दशकाच्या मध्यापासून मजुरांचे फोटो काढायला सुरुवात झाली आणि 1867 च्या कायद्याने करार संपलेल्या जुन्या मजुरांनाही फोटो लावलेला परवाना बाळगावा लागे. त्यामुळे पूर्वज 1855 ला आलेला असला तरी तो दहा-बारा वर्षांनी जिवंत आणि करारातून मोकळा असेल, तर त्याचा चेहरा मिळण्याची शक्यता आहे. डोळे वटारून कॅमेऱ्याकडे बघणारा तो माणूस पणजोबांसारखा दिसतो की नाही यावर घरात भांडण होतं, ते होऊ द्या. नोंद जुळवताना चेहऱ्यावर भिस्त ठेवू नका.

पोर्ट लुईला आप्रवासी घाटावरही जाऊन या. 1849 ला सुरू झालेला हा मजुरांचा तळ 2006 पासून जागतिक वारसा आहे. तिथे तुमचा कागद मिळणार नाही, पण पूर्वज कुठल्या दारातून आत आला ते दिसतं.

गावाचं नाव वाचणं

रजिस्टरमधला जिल्हा तेव्हाचा असतो. तेव्हाच्या रत्नागिरीत आजचा सिंधुदुर्गही आला, तो वेगळा झाला 1981 ला. सावंतवाडी मात्र तेव्हा संस्थान होतं, म्हणून ते निराळं लिहिलेलं असतं. तालुक्यांची नावंही जुनी: सुवर्णदुर्ग म्हणजे दापोलीकडचा भाग, अंजनवेल म्हणजे गुहागर-चिपळूणकडचा, विजयदुर्ग म्हणजे देवगडची बाजू. नकाशावर अंजनवेल हे खाडीच्या तोंडाशी एक लहान गाव दिसतं आणि लोक तिथेच जाऊन पूर्वज शोधतात, ही हमखास चूक.

गावाच्या नावाचे तुकडे मोठ्याने वाचा, शक्यतो कोकणी माणसाला फोनवर ऐकवा. डोळ्याला जे कळत नाही ते कानाला कळतं. मग जनगणनेच्या तालुकावार गावयाद्या घेऊन मिळतीजुळती सगळी गावं लिहून काढा. एकाच नावाची गावं अनेक असतात: पाली रत्नागिरी तालुक्यात आहे तशी रायगडातही, तळवडे राजापुरात आहे तसं सावंतवाडीतही. परगणा जुळला नाही तर नुसत्या नावावर पाऊल उचलू नका. रकान्यात सातारा किंवा कोल्हापूर असेल तर तिथे एक जास्तीची सोय आहे: हेळवी. पिढ्यान्‌पिढ्या घराण्यांच्या वंशावळी राखणारे हे लोक त्या भागात अजून फिरतात. पण त्यांनाही आडनाव आणि गाव आधी द्यावं लागतं. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचंही तसंच.

गावात पोचल्यावर

गणपतीत गेलात तर मुंबईचे चाकरमानी घरी आलेले असतात आणि सगळं गाव एका ठिकाणी भेटतं. पण त्या दिवसांत तलाठ्याकडून कागद मिळायचा नाही. कागदाचं काम असेल तर दिवाळीनंतर जा. पहिल्या भेटीत पोलीस पाटील, गावचे मानकरी आणि देवळातला गुरव यांना भेटा, आणि पहिल्या पाच मिनिटांत स्पष्ट सांगा की आम्हाला जमीन नको आहे. हे न सांगितल्याने कित्येक दारं बंद होतात. परदेशातून कोणी ‘आमचा पणजोबा इथला’ म्हणत आला की सातबाऱ्यावर नाव लावायला आला, अशीच शंका येते. ती रास्तही आहे.

कागदांत पाहायचं ते जन्म-मृत्यूचं जुनं रजिस्टर, फेरफार आणि मिळालं तर कडईपत्रक (जमिनीची जुनी नोंद). जुनं लेखन मोडीत असतं, म्हणून मोडी वाचणारा माणूस आधीच ठरवा. अडचण अशी की पूर्वज 1855 ला गेला आणि हाती लागणाऱ्या नोंदी बहुतेक त्यानंतरच्या. म्हणजे खुद्द त्याचं नाव मिळणं कठीण. शोधायचा तो त्याचा मागे राहिलेला भाऊ: बापाचं नाव बाबाजी, वाडी तीच, जात तीच. अशी दोन-तीन घरं निघाली तर ‘बहुधा हेच’ म्हणा, ‘हेच’ म्हणू नका. आमच्या मते गाव आणि वाडी पक्की झाली तरी शोध सफळ झाला. त्यापुढचं घर कागदाने सिद्ध होणं हा नशिबाचा भाग आहे.

डीएनए चाचणीचा मोह होतो, म्हणून दोन शब्द. बेटावरचा मराठी समाज लहान आहे आणि सोयरीक आपसांतच फिरत आली. त्यामुळे चाचणीत दूरचा नातेवाईक जवळचा दिसतो, चौथ्या पिढीचा चुलत भाऊ दुसऱ्या पिढीचा वाटतो. गावातल्या एखाद्या घराशी जुळतं का हे तपासायला ती ठीक आहे, पण त्या घरातल्या माणसाची राजीखुशी आधी घ्या आणि नमुना देण्याआधी निकाल कोण कोण पाहणार हे त्याला सांगा.